सँडविचचा तोंडी अहवाल

पाणी खात्याच्या इमारतीमागे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली होती. लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर तिथे तपासायला यायचे. मीटर ओळीने नळावर चढवायचे, पाणी सोडायचं, खालच्या टाकीत खरोखर किती पाणी पडलं ते बघायचं आणि मीटर काय म्हणतोय ते वाचायचं. दोन्ही जुळलं तर मीटर खरा. नाही जुळलं तर त्याच्या गळ्यात लाल चिठ्ठी. हे काम करणाऱ्या गृहस्थांना सगळं खातं तपासनीस म्हणायचं. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही खोट्या मीटरला सोडलं नव्हतं. आणि हेच तपासनीस गेली चौदा वर्षं रोज संध्याकाळी घरी जाऊन धडधडीत खोटं बोलत होते. तेही सँडविचबद्दल.

याची सुरुवात बायकोच्या उत्साहातून झाली होती. तपासनिसांची बायको औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरमागे उंच स्टुलावर बसायची आणि उद्याचं सँडविच कागदावर मांडायची. डॉक्टर औषध लिहून देतात त्याच थाटात. उकडलेलं अंडं एक, बीट चार चकत्या, कच्चा कांदा, मिरपूड, सफरचंदाचे पातळ काप, आणि वरून मोहरी. मोहरीचा हा सॉस ती स्वतः वाटून करायची आणि तो इतका जहाल असायचा की बाटलीचं झाकण उघडताना ती तोंड फिरवून घ्यायची.

तपासनिसांना यातलं काही म्हणजे काही आवडत नसे. त्यांना पाव आवडायचा, लोणी आवडायचं आणि शांतता आवडायची. पण तिने केलेलं पहिलं सँडविच खाऊन ते घरी आले, तेव्हा ती दारातच उभी होती. "कसं झालं?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून तपासनिसांच्या तोंडून निघून गेलं, "फारच छान." झालं. त्या दोन शब्दांनी पुढची चौदा वर्षं खाल्ली.

कारण तिचं नुसत्या 'छान'वर भागत नसे. गोळी घेतल्यावर कसं वाटलं, मळमळलं का, घाम आला का, हे विचारायची तिला दुकानात सवय. "छान म्हणजे कसं? कांदा पुढे आला की मागे राहिला? बिटाने पाव ओला केला का? मोहरी जिभेला लागली की नाकात गेली?" तपासनीस मुळात अबोल. दिवसाला मोजून चाळीस-पन्नास शब्द बोलणारा माणूस. त्यातले तीस मीटरवर खर्च झालेले. तो काय सांगणार कपाळ?

त्यांना वाचवलं शिक्केवाल्यांनी.

शिक्केवाले शेजारच्या टेबलावर बसायचे. खऱ्या ठरलेल्या मीटरला तार ओवून, पक्कड दाबून शिशाचं सील ठोकणं हे त्यांचं काम. हात सीलमध्ये गुंतलेले, तोंड मोकळं. त्यामुळे ते अखंड बोलत. त्यांची बायको, म्हणजे तपासनिसांच्या वहिनी, शाळेत गणित शिकवायच्या. वहिनींचं सँडविच गणितासारखंच होतं. उत्तर एकच. पावाचे दोन काप, कडेपर्यंत सारखं लावलेलं लोणी, मधे चीजचा एक काप, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ सुरी. लग्नापासून त्यात एक कणही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

"अरे, वैताग आलाय मला," शिक्केवाले डबा उघडत म्हणाले होते. "डबा उघडायच्या आधी कळतं आत काय आहे ते. आयुष्यात काही रहस्य नको का माणसाला?"

तपासनिसांनी त्या पांढऱ्याशुभ्र त्रिकोणांकडे पाहिलं. मग आपल्या डब्याकडे पाहिलं. बिटाचा रस पावातून बाहेर आला होता आणि पाव जखमी झाल्यासारखा दिसत होता. ते एवढंच म्हणाले, "बदलायचं?"

त्या दिवसापासून अदलाबदल सुरू झाली. शिक्केवाल्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, नाकातून जोरात श्वास सोडला आणि पक्कड बाजूला ठेवून चक्क उभे राहिले. मग जे बोलायला लागले ते सुट्टी संपली तरी थांबेनात. तपासनीस त्रिकोण खात खात ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की संध्याकाळच्या प्रश्नांची उत्तरं इथे आयती पडली आहेत. त्यांनी मीटरची एक कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहून घेतलं.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत शिक्केवाले बोलायचे आणि तपासनीस टिपून घ्यायचे. बसमध्ये बसून ते पाठ करायचे. उतरताना चिठ्ठी फाडून टाकायची. घरी गेल्यावर हातपाय धुऊन खुर्चीत बसायचं आणि अहवाल म्हणायचा.

"काकडी आज लाजत होती," तपासनीस भिंतीकडे बघत, एकसुरात म्हणायचे. "कांद्याच्या मागे लपून बसली. मोहरीने मात्र नाकात येऊन दार वाजवलं."

बायको भाजी चिरायची थांबायची. या माणसाने तिला लग्नाआधी किंवा नंतर एक धड वाक्य ऐकवलेलं नव्हतं. साडी नेसून समोर उभी राहिली तर "निघूया?" एवढंच. पण सँडविचचा विषय निघाला की त्याच्या तोंडून हे असलं काहीतरी बाहेर पडायचं! दुकानातल्या मैत्रिणीला ती म्हणायची, "बाहेरून अगदी दगड वाटतो गं. पण आत काय काय आहे ते मला विचार." आणि दुसऱ्या दिवशी काकडीची लाज घालवण्यासाठी ती कांदा कमी करायची आणि मिरपूड वाढवायची.

तर असं चौदा वर्षं बिनबोभाट चाललं. आणि मग शिक्केवाले सेवानिवृत्त झाले.

निरोपाच्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. सगळे हसले, हात मिळवले. तपासनिसांचे मात्र डोळे भरून आले. लोकांना वाटलं, काय ही मैत्री! मैत्री होतीच. पण तपासनिसांच्या डोळ्यांपुढे उद्याचा डबा होता.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी आपला डबा स्वतः उघडला. आत होतं अंडं, भाजलेली ढोबळी मिरची, कच्चा कांदा, अक्रोड आणि मोहरी. चौदा वर्षांत शिक्केवाल्यांच्या शिफारशींनी मोहरी कुठल्या कुठे जाऊन पोचली होती. एक घास खाल्ल्याबरोबर तपासनिसांच्या कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. समोर सात मीटरमधून वाहत होतं ते वेगळंच. त्या पाण्याचा आकडा त्या दिवशी नोंदवायचाच राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "कसं झालं?"

"छान."

"छान म्हणजे? अक्रोड?"

तपासनिसांनी खूप जोर लावला. कपाळावर आठ्या आल्या. "अक्रोड... होता."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बरं होतं." तिसऱ्या दिवशी, "पोट भरलं." चौथ्या दिवशी तिने रात्रीच्या जेवणाआधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. पाचव्या दिवशी त्यांना घेऊन ती कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेली. ते तिच्या दुकानाच्या वरच बसायचे.

"यांची चव गेलीय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासनिसांना डोळे मिटायला लावले आणि जिभेवर एकेक थेंब टाकला. "हे?" "साखर." "हे?" "मीठ." "हे?" "लिंबू." "आणि हे?" "हे तुमचं बोट आहे."

"जीभ एकदम ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "मनाला काही लागलंय का? ऑफिसात काही झालं?"

"यांचा मित्र रिटायर झाला," बायको म्हणाली.

"मग बरोबर. माणूस एकटा पडला की अन्नाची गोडी जाते. मित्राला अधूनमधून भेटत जा."

वैद्यकीय सल्ला मिळाल्यावर तपासनिसांना धीर आला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिक्केवाल्यांना फोन केला. पलीकडून आवाज आला तो कुजबुजता. "अरे, कुठे होतास? इथे माझे हाल कुत्रा खात नाही. आता घरी असतो ना, तर ती म्हणते गरम करून देते. तेच चीज, तेच लोणी, आता फक्त गरम! डबा घे आणि बागेत ये. पाण्याच्या टाकीमागचं बाक. एक वाजता."

पाण्याच्या टाकीमागे एक छोटी बाग होती. तिथे दुपारी कोणी फिरकत नसे. एक वाजता दोघेही इकडेतिकडे बघत बाकाजवळ आले. शिक्केवाल्यांनी लायब्ररीत जातो असं घरी सांगितलं होतं आणि वाचता वाचता भूक लागते म्हणून डबा मागून घेतला होता. काखेत एक जाड पुस्तक. डब्यांची अदलाबदल झाली. शिक्केवाल्यांनी घास घेतला आणि सहा दिवस कोंडलेलं बोलणं बांध फुटल्यासारखं सुटलं. तपासनिसांनी खिशातून चिठ्ठी काढली.

त्या संध्याकाळी बायको ऐकता ऐकता खुर्चीत बसलीच. "अक्रोड म्हणजे जेवणात अचानक आलेला जुना मित्र," तपासनीस म्हणाले. "बोलतो थोडं, पण आल्याचं कळतं." तिने डोळे पुसले. डॉक्टर देवमाणूस होता.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. पण खोटं चालतं ते समोरचा बेसावध असेल तरच. आणि चाळीस वर्षं परीक्षेच्या वर्गात रांगांमधून फिरलेल्या बाईइतकं सावध कोण असणार? वहिनींच्या काही गोष्टी लक्षात आल्या. नवरा रोज लायब्ररीत जातो, पण तेच पुस्तक घेऊन जातो आणि तेच परत आणतो. त्यात खूण आहे ती पान नऊवर. ती हललेली नाही. एरवी घरी त्रिकोण बघून तोंड वाकडं करणारा माणूस डबा मात्र चाटूनपुसून आणतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सदऱ्यावर पिवळा डाग. त्यांनी वास घेतला. मोहरी. वहिनींच्या घरात मोहरीचा सॉस कधी आलेलाच नव्हता.

सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी वहिनी बाकामागे येऊन उभ्या राहिल्या. हातात छत्री. शिक्केवाल्यांचं तोंड मोहरीने माखलेलं होतं आणि ते म्हणत होते, "लिहून घे, आजच्या कांद्यात एक बंडखोरी आहे..."

"बंडखोरी," वहिनी म्हणाल्या.

शिक्केवाल्यांच्या हातातून अर्धं सँडविच मांडीवर पडलं. तपासनीस ताडकन उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे. त्यांच्या हातात त्रिकोण होता. तो लपवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला.

"हे कोणाचं?" वहिनींनी छत्रीचं टोक नवऱ्याच्या मांडीकडे केलं.

"ह्याच्या बायकोने केलेलं."

"आणि भाऊजींनी आत्ता गिळलं ते?"

"तुझं."

"कधीपासून चाललंय?"

शिक्केवाले अगदी बारीक आवाजात म्हणाले, "चौदा वर्षं."

वहिनी बाकावर नवऱ्याशेजारी बसल्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "चौदा वर्षं मी सकाळी साडेपाचला उठून लोणी बाहेर काढून ठेवते. मऊ व्हायला. नाहीतर पाव फाटतो." त्यांचा आवाज जरा हलला. "एवढं वाईट होतं का हो ते?"

शिक्केवाल्यांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडेनात.

बोलले ते तपासनीस. उभ्या उभ्याच बोलले, हाताशी चिठ्ठी नसताना. "वहिनी, मी रोज अकरा वाजल्यापासून घड्याळ बघतो. दिवसभर पाण्याचा आवाज असतो कानात. माणसं येऊन भांडतात, माझा मीटर खरा आहे म्हणतात. मग एक वाजतो आणि मी तुमचा डबा उघडतो. सगळं काल होतं तसंच असतं. मला त्याने बरं वाटतं. मी चौदा वर्षांत एक कडसुद्धा टाकली नाही. एकदा तुम्ही गावाला गेला होता आणि ह्यांनी स्वतः करून आणलं. लोणी मधेच लावलं होतं, कोपरे कोरडे. मला दिवसभर चुकल्यासारखं होत होतं."

एवढं बोलून ते खाली बसले. त्यांना घाम आला होता.

वहिनींनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. गालावर थोडी लाली चढली होती, ती त्यांनी लगेच आवरली. "तुमच्या बायकोला हे माहीत आहे?"

"नाही."

"तिला वाटतं तुम्ही खाता?"

"हो. आणि मी बोलतो, असंही वाटतं."

ते बोलणं कुठून येतं हे कळल्यावर तर वहिनींनी कपाळाला हात लावला. "गुरुवारपर्यंत तिला सांगा," त्या म्हणाल्या. "नाही सांगितलंत तर गुरुवारी संध्याकाळी मी येते." गृहपाठाला मुदत द्यावी तशी त्यांनी मुदत दिली आणि नवऱ्याला घेऊन निघून गेल्या. जाताना पुस्तक मात्र बाकावरच राहिलं.

सोमवारी तपासनीस सांगणारच होते, पण बायकोचं डोकं दुखत होतं. मंगळवारी सांगणारच होते, पण ती फारच खुशीत होती. बुधवारी त्यांनी धीर करून "एक सांगायचं होतं" इथपर्यंत मजल मारली, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, आधी अहवाल." बंडखोर कांद्याचं वाक्य सोमवारी अर्धवट राहिलं होतं. ते त्यांनी तिसऱ्यांदा वापरलं. गुरुवारी सहा वाजता दारावरची बेल वाजली.

वहिनी, मागे शिक्केवाले. शिक्केवाल्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माणूस सुनावणीला जातो तसा.

"अगं बाई, या ना!" बायको म्हणाली. "अहो, बघा कोण आलंय. चहा टाकते."

"चहा नंतर," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, बोला."

तपासनीस बोलले. फार तर पाच वाक्यं. सँडविच मी खाल्लं नाही. ह्यांनी खाल्लं. मी ह्यांचं खाल्लं. जे बोललो ते ह्यांचं होतं. माझं चुकलं.

बायकोने गॅस बंद केला. आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. तिघंही एकमेकांकडे न बघता बसून राहिली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या येतात तसलं पुठ्ठ्याचं खोकं होतं. तिने ते टेबलावर उपडं केलं. दुकानातल्या पांढऱ्या चिठ्ठ्यांचा ढीग पडला. प्रत्येक चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला सँडविचची कृती होती आणि मागे, तारीख घालून, नवऱ्याचं त्या दिवशीचं बोलणं. चौदा वर्षांचं.

तपासनिसांना हे माहीतच नव्हतं. ते चिठ्ठ्या बसमधून उतरताना फाडून टाकत होते आणि ही घरात त्याच पुन्हा लिहीत होती.

तिने एक उचलली आणि शिक्केवाल्यांकडे वळली. "'काकडी आज लाजत होती.' तुमचं?"

"माझं," शिक्केवाले म्हणाले.

"'टोमॅटो पिकलेला होता, पण समजूतदार नव्हता.'"

"माझंच. ते जरा घाईत झालं होतं."

"'अशी मोहरी वाटणाऱ्या हाताला नमस्कार.'"

शिक्केवाल्यांनी वहिनींकडे चोरून पाहिलं. "ते... मोहरीला उद्देशून होतं."

"नमस्कार हाताला होता," वहिनी म्हणाल्या. "नीट वाचा."

मग बायकोने सगळा ढीग शिक्केवाल्यांपुढे सरकवला. "तुमचं वेगळं करा," ती म्हणाली. तिचा आवाज दुकानात मुदत संपलेली औषधं बाजूला काढताना असतो तसा होता. शिक्केवाल्यांनी चष्मा लावला. वहिनीही मदतीला बसल्या, कारण वर्गवारी चुकीची झालेली त्यांना बघवत नसे. तपासनीस खिडकीपाशी उभे राहिले. एवढ्या मीटरांचा निकाल त्यांनी लावला होता, पण आपण स्वतः नळावर चढलो तर कसं वाटतं ते त्यांना आज कळत होतं.

दोन तास गेले. डावीकडे भलामोठा ढीग झाला. उजवीकडे सतरा चिठ्ठ्या.

"ह्या माझ्या नव्हेत," शिक्केवाले म्हणाले. "मी रजेवर असेन तेव्हाच्या. तसं असलं काही मी बोलणारच नाही." शेवटचं वाक्य त्यांनी जरा नाक वर करून म्हटलं.

बायकोने त्या सतरा उचलल्या आणि एकेक वाचली. "'ठीक.' 'पोट भरलं.' 'तिखट होतं.' 'बरं.' 'तिखट होतं पण बरं.'" तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "'बसला उशीर झाला.' हे सँडविचबद्दल आहे?"

"तेव्हा सुचलं नाही काही," तपासनीस खिडकीला म्हणाले.

ती पुढे वाचत गेली. मग एका चिठ्ठीवर थांबली. ती तिने मोठ्याने वाचली नाही. पुढच्या बाजूला कृती नव्हती, नुसतं 'अंडं' असा एक शब्द वेड्यावाकड्या अक्षरात होता. मागे लिहिलं होतं, 'अंगात ताप असताना करत जाऊ नको. मी उपाशी राहीन. चालेल मला.'

वहिनींनी मान पुढे करून ती वाचली आणि मग नवऱ्याच्या मोठ्या ढिगाकडे पाहिलं. "एवढ्यात कुठे काकडीऐवजी माणसाचा उल्लेख आहे का हो?" त्यांनी विचारलं. शिक्केवाले चष्मा पुसायला लागले.

यानंतर सगळं गोडीगुलाबीने संपलं असं कोणी समजू नये. बायको चांगलीच चिडली होती. पाहुण्यांना तिने चहा दिला, दारापर्यंत सोडलं, परत आली आणि म्हणाली, "चौदा वर्षं तुम्ही मला दुसऱ्याच माणसाचं जेवण करायला लावलंत." चार दिवस ती कामापुरतं बोलली. डबा बंद. तपासनीस स्वतः उठून पावाला लोणी लावून नेऊ लागले. त्यांच्या हातून पाव रोज फाटायचा आणि ते फाटका पाव मुकाट्याने खायचे.

पाचव्या दिवशी तिने विचारलं, "मग तुम्हाला आवडतं तरी काय?"

कोणी असं विचारेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. "साधं," ते म्हणाले.

"साधं म्हणजे?"

"ज्यात काही विचारण्यासारखं नसेल असं."

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. ते दाबायला ती स्वयंपाकघरात गेली.

शिक्केवाल्यांची सोय तिने केली, पण आपल्या पद्धतीने. कलाकाराला आपला खरा रसिक कळल्यावर त्याला वाऱ्यावर कसं सोडणार? आठवड्यातून दोनदा ते दुकानात येऊन डबा घेऊन जाऊ लागले आणि काउंटरपाशी उभं राहून अहवाल थेट देऊ लागले. इथे एक गंमत झाली. जे बोलणं तपासनिसांच्या सपाट आवाजात ऐकताना तिला भरून यायचं, तेच शिक्केवाल्यांच्या तोंडून हातवाऱ्यांसकट ऐकताना तिला कंटाळा येऊ लागला. रांगेत खोकणारी गिऱ्हाइकं उभी, आणि हे म्हणतायत, "आजचं बीट म्हणजे सूर्यास्तानंतरचा..."

"मोहरी कमी की जास्त, एवढं सांगा," ती म्हणायची. "मागे लोक आहेत."

"जास्त हवी," शिक्केवाले हिरमुसून म्हणायचे.

वहिनींनी मात्र आपल्या सँडविचमध्ये बदल करायला साफ नकार दिला. फक्त आता त्या ज्यादा एक करू लागल्या, भाऊजींसाठी. नवरा दुकानाकडे निघाला की त्याच्याच हाती ते खात्यात पाठवायच्या. सेवानिवृत्तीनंतर शिक्केवाल्यांना इतकी धावपळ कधी झाली नव्हती.

अशाच एका दुपारी, वहिनींनी त्या दिवशी स्वतःच आणून दिलेला डबा घेऊन, तपासनीस टाकीमागच्या बाकावर एकटेच बसले होते. खात्यात नवीन आलेला शिक्केवाला जेवताना मोबाईलवर मोठ्याने क्रिकेट बघायचा, म्हणून ते इथे यायचे. एवढ्यात बागेच्या फाटकातून बायको येताना दिसली. दुकानातला पांढरा कोट तसाच अंगावर होता.

"वीज गेलीय दुकानातली," ती म्हणाली आणि शेजारी बसली. पिशवीतून तिने डबा काढला. "शिक्केवाले आज आलेच नाहीत घ्यायला. सर्दी झालीय म्हणे. मग म्हटलं, वाया कशाला घालवायचं?"

"तू खाणार?"

"का? मी माझ्या हातचं खाऊ नये?"

तपासनिसांनी तिच्याकडे बघितलं. चौदा वर्षांत हा प्रश्न त्यांना कसा पडला नव्हता कोण जाणे. "तू हे खाऊन बघितलं आहेस ना कधी?"

"नाही बाई. मी दुपारी फळं खाते."

"मग करतेस कसं?"

"वासावर. मापावर. औषधं तरी मी कुठे चाखून बघते?"

आणि तिने मोठा घास घेतला. दोनदा चावला. मग चावायचं थांबली. आधी तिचे कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने तपासनिसांचा दंड घट्ट पकडला. तोंडातला घास तिला गिळता येईना आणि कोट अंगावर असताना चारचौघांत थुंकताही येईना, जरी बागेत चारचौघे नव्हतेच. तपासनिसांनी घाईघाईने पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. अर्धी बाटली संपल्यावर तिला वाचा फुटली.

"हे... हे तो माणूस चौदा वर्षं खातोय?"

"आणखी हवी म्हणतो मोहरी."

"अहो, आणि तो रजेवर असला की तुम्ही हे खाऊन घरी येऊन म्हणायचात, 'तिखट होतं पण बरं'?"

"हो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता पुन्हा मोहरी नाकात गेली, ठसका लागला, आणि तपासनीस तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ठसका थांबल्यावर तिने डब्याचं झाकण लावून डबा बाकाच्या पार टोकाला सरकवला आणि हात पुढे केला.

तपासनिसांनी आपल्या दोन त्रिकोणांकडे पाहिलं. जरासा मोठा होता तो तिला दिला. आणि दोघं न बोलता खात बसली.